दोन रकान्यांचं इंदूर

इंदूरला जायचं म्हणजे आमच्या बेळगावकडच्या माणसाला दोन दिवसांचा हिशेब धरावा लागतो. आधी पुणं गाठायचं, तिथून इंदूरची गाडी धरायची, आणि गुजरातला वळसा घालून ती गाडी माळव्यात शिरेपर्यंत डब्यातल्या सगळ्यांची सगळी माहिती आपल्याला झालेली असते. रतलाम गेलं, उज्जैन गेलं. शेजारच्या बाईंनी हात जोडून महाकाळाला नमस्कार केला. मग एक छोटंसं स्टेशन आलं. पाटीवर देवनागरीत ‘देवास’ लिहिलेलं. मी एकदम खिडकीशी सरकले.

बेळगावजवळच्या सुळेभावीचा शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली नावाचा मुलगा याच देवासला येऊन राहिला होता. घरची भाषा कन्नड. गाणं शिकायला मुंबईला देवधर मास्तरांकडे गेला, आणि 1948 च्या जानेवारीत क्षयाने पोखरलेली फुप्फुसं घेऊन माळव्याच्या कोरड्या हवेत आला. अंथरुणावर पडल्या पडल्या त्याने रस्त्यावरून जाणाऱ्या बायकांची माळवी गाणी ऐकली आणि बरा झाल्यावर ती आपल्या गाण्यात आणली. अवघा देश त्याला कुमार गंधर्व म्हणून ओळखतो. कन्नड घर, मराठी संसार, माळवी लोकगीत आणि हिंदी निर्गुणी भजन, असं सगळं एका गळ्यात नांदलं. मनात म्हटलं, आपल्यासारख्या दोन भाषांच्या घरातल्या माणसांना माळवा काही परका नाही.

देवासहून इंदूर तासाभराच्या आत. थोरल्या जाऊबाईंना भेटायला मी निघाले होते. त्यांना आम्ही सगळ्या अक्का म्हणतो. आमचे थोरले दीर साठच्या दशकात इंदूरच्या एका कापड गिरणीत नोकरीला लागले आणि अक्का त्यांच्यामागून इथे आल्या. गिरणी बंद पडली, दीरही गेले. पण अक्कांनी इंदूर सोडलं नाही. आता वय ब्याऐंशी. डोळ्यांनी जवळजवळ दिसत नाही. फोनवर म्हणाल्या होत्या, “अगं, एकदा येऊन जा. तुझा आवाज तरी जवळून ऐकू दे.”

पोहे, जिलबी आणि पेपर

इंदूरची सकाळ दोन आवाजांनी सुरू होते. पहिला आवाज कचरागाडीच्या भोंग्यावरच्या गाण्याचा. 2017 साली देशातल्या स्वच्छ शहरांत पहिला नंबर आल्यापासून या शहराला त्याचा भारी अभिमान आहे, आणि गाडी गल्लीत शिरली की गाण्यातून तो ऐकूही येतो. दुसरा आवाज दारात पेपर पडल्याचा.

कोपऱ्यावरच्या दुकानात पोह्यांवर शेव भुरभुरून, शेजारी जिलबी ठेवून बशी पुढे येते. आमच्याकडे पोह्यांबरोबर जिलबी म्हटलं तर लोक हसतील. पण त्याहून मला नवल वाटलं ते दुकानातल्या पेपरचं. एकच हिंदी पेपर, त्याची पानं सुटी करून पाच-सहा माणसं वाटून घेत होती. एकाच्या हातात शहराचं पान, दुसऱ्याच्या हातात खेळाचं. वाचता वाचता मोठ्याने शेरे. कुठला रस्ता खणलाय, कुठल्या वॉर्डात पाणी आलं नाही, सगळ्याची चर्चा.

अक्कांच्या घरीही हिंदी पेपर येतो. त्या स्वतः साठ वर्षं तो वाचत आल्या. आता नात वाचून दाखवते. ती कॉलेजात जाते. मला ‘बेळगावची आजी’ म्हणते. पहिल्याच सकाळी म्हणाली, “बेळगावची आजी, तुम्ही पोहे घेऊन घ्या नं, मी आताच येऊन राहिली आहे.”

मला हसू आलं. हे ‘घेऊन घ्या’ आणि ‘येऊन राहिली’ हिंदीच्या वळणाचं. पण हसता हसता माझ्याच तोंडून गेलं, “घेतो की, तू ये सावकाश.” तेव्हा ती खदखदून हसली. बाईमाणूस ‘घेतो’ म्हणते? आणि हे ‘की’ कुठून आलं? आता काय सांगावं! आमच्या भागातल्या बायका ‘मी येतो’ म्हणतातच, आणि वाक्याच्या शेवटी ‘की’ लावल्याशिवाय आमचं समाधान होत नाही. तिच्या मराठीला हिंदीचा शेजार, माझ्या मराठीला कन्नडचा. अक्का म्हणाल्या, “दोघी सारख्याच. तुमच्या मराठीला पुण्यात कोणी उभं करणार नाही.”

‘अखबार’ आला कुठून?

त्याच वेळी अक्कांचा धाकटा मुलगा, म्हणजे माझा पुतण्या, कुवेतहून रजेवर आला होता. तिकडे बरीच वर्षं नोकरी. जेवताना पेपरवरून बोलणं निघालं तेव्हा तो म्हणाला, “काकू, तुम्ही पेपर म्हणता, आई वर्तमानपत्र म्हणते, बाहेर सगळे अखबार म्हणतात. हा अखबार शब्द मूळचा अरबी. ‘खबर’ म्हणजे एक बातमी, ‘अखबार’ म्हणजे अनेक बातम्या.”

मी लगेच म्हटलं, की मग हा शब्द आमच्याकडेही आहे. धारवाडला माझ्या माहेरी कोणी भान हरपून बसलं की आई म्हणायची, ‘खबर इल्ल’. मराठीतला ‘बखर’ हा शब्दही खबरेतली अक्षरं उलटून झाला, असं बरेच अभ्यासक मानतात. म्हणजे अरबस्तानातून निघालेला एक शब्द इंदूरला पेपर झाला, पुण्याला इतिहास झाला आणि धारवाडला शुद्ध हरपणं झाला!

इंदूरच्या पहिल्या पेपराचं नावही ‘मालवा अखबार’. 1849 साली निघालेलं हे साप्ताहिक आजच्या मध्य प्रदेशातलं पहिलं हिंदी पत्र मानलं जातं. गंमत अशी, की ते नुसतं हिंदी नव्हतं. एका बाजूला हिंदी, दुसऱ्या बाजूला उर्दू, असे शेजारी शेजारी दोन रकाने. राज्य होळकरांचं, दरबारात मराठी बोलणारी माणसं, आणि पत्र हिंदी-उर्दूत. अहिल्याबाईंचं राज्य महेश्वरहून चाललं. 1818 च्या तहानंतर इंदूर राजधानी झालं. मराठी माणसं फौजेबरोबर, कचेरीबरोबर, देवळांबरोबर इथे येऊन वसली. पण बाजारात आणि रयतेत बोली माळवी, लिखापढीत उर्दू, आणि हळूहळू वर येत होती हिंदी.

मला आपलं ‘दर्पण’ आठवलं. बाळशास्त्री जांभेकरांनी 6 जानेवारी 1832 रोजी काढलेलं पहिलं मराठी वृत्तपत्र. त्यातही दोन रकाने होते, एक इंग्रजी आणि एक मराठी. पुतण्या म्हणाला, “काकू, अरबीतही तेच झालं.” कैरोला 1828 साली मुहम्मद अलीच्या सरकारने ‘अल-वकाई अल-मिसरिया’ नावाचं पत्र काढलं. सत्ताधाऱ्यांची भाषा तुर्की, लोकांची अरबी. म्हणून एका रकान्यात तुर्की आणि शेजारी अरबी. पुढे अरबी रकाना वाढत गेला, तुर्की मागे पडली.

तीन देशी तीन पत्रं आणि प्रत्येकाचे दोन रकाने. आमच्या घरासारखेच की! माझ्या माहेरी कन्नड, सासरी मराठी. दोन्ही रकाने मी आयुष्यभर सांभाळत आले. मग तिथे बसल्या बसल्या मनात आलं, दोन रकान्यांपैकी कुठला टिकतो आणि कुठला पुसला जातो, हे ठरतं कशावर?

मराठी संपादकाचा हिंदी पेपर

दुसऱ्या दिवशी नातीबरोबर राजवाड्याकडे गेले. सात मजली दरवाजा, खाली दगड आणि वर लाकूड. मागे खजुरी बाजारात पुस्तकांची दुकानं. तिथून पायी हिंडताना ती ठिकाणं दाखवत होती आणि मी अक्कांनी सांगितलेल्या गोष्टी जुळवत होते.

देश स्वतंत्र होण्याआधी दोन महिने, 5 जून 1947 ला, इंदुरात ‘नई दुनिया’ हे हिंदी पत्र सुरू झालं. पुढची तीस-पस्तीस वर्षं त्याची घडण ज्यांच्या हाताखाली झाली ते संपादक राहुल बारपुते. घरची भाषा मराठी! कुमार गंधर्व, चित्रकार विष्णू चिंचाळकर गुरुजी, नाटकवाले बाबा डिके आणि बारपुते, ही मित्रांची मंडळी. आपसांत मराठीत गप्पा मारायच्या आणि सकाळी माळव्याच्या घराघरांत उत्तम हिंदी पोचवायची, असा त्यांचा दिनक्रम.

त्याच पत्रातून राजेंद्र माथुर तयार झाले, जे पुढे दिल्लीला ‘नवभारत टाइम्स’चे संपादक झाले. प्रभाष जोशी तिथेच लिहिते झाले आणि 1983 साली त्यांनी दिल्लीत ‘जनसत्ता’ उभा केला. हिंदी पेपराची भाषा कचेरीतली न राहता ओट्यावरची व्हावी हा त्यांचा आग्रह. स्वतःला ‘अपन’ म्हणत लिहायचे, अगदी माळव्यात बोलतात तसं. स्वयंपाकघरातली बोली त्यांनी पहिल्या पानावर नेली.

पण अक्कांच्या पिढीला ‘नई दुनिया’ आठवते ती वाचकांच्या पत्रांसाठी. संपादकाला पत्र लिहिणं हा इंदूरकरांचा छंदच झाला होता. शिक्षक, कारकून, दुकानदार, गृहिणी, सगळे लिहायचे. अक्कांनीही लिहिलं होतं. मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेल्या बाईने पोस्टकार्डावर हिंदीत लिहून पाठवलं, की आमच्या गल्लीत नळाला तिसऱ्या दिवशी पाणी येतं आणि तेही रात्री दोनला, तर बाईने झोपायचं केव्हा? पत्र छापून आलं. दिरांनी ते कापून देव्हाऱ्याच्या कपाटात ठेवलं. अक्का म्हणाल्या, “अगं, त्या दिवसापर्यंत मी या गावात पाहुणी होते. नाव छापून आलं आणि मी इंदूरची झाले.”

पाण्याचा प्रश्न तेव्हा सगळ्या शहराचाच होता. नर्मदेचं पाणी इंदूरला आणा म्हणून 1970 साली मोठं आंदोलन झालं. विद्यार्थी रस्त्यावर आले, बाजार बंद राहिले. 1978 साली जलूदहून चढावर उपसून आणलेलं नर्मदेचं पाणी सत्तर किलोमीटरचं अंतर तोडून शहरात पोचलं. अक्कांच्या एका पोस्टकार्डाने नर्मदा आली असं मी म्हणणार नाही. पण अशी पोस्टकार्डं रोज छापून येत होती, म्हणून आपल्या घरातली अडचण ही साऱ्या गावाची अडचण आहे हे लोकांना कळलं. पेपरचा समाजावर परिणाम होतो म्हणतात तो असा होत असावा.

भरलेला रकाना, कोरा रकाना

रात्री सराफ्यात गेलो. दिवसा सोन्याचांदीची दुकानं, ती मिटली की त्यांच्याच पायऱ्यांसमोर खाण्याच्या गाड्या. भुट्ट्याचा कीस, गराडू, मोठी थोरली जिलबी. खाता खाता पुतण्या कुवेतच्या गोष्टी सांगत होता. त्याच्या कचेरीत मिसरी आहेत, सीरियाचे आहेत, मोरोक्कोचे आहेत. सगळ्यांची भाषा अरबी, पण घरात बोलायची बोली इतकी वेगळी की मोरोक्कोच्या माणसाचं बोलणं बाकीच्यांना समजत नाही. मिसरी माणूस बोलला तर मात्र सर्वांना कळतं.

याचं कारण रेडिओ आणि सिनेमा. 1953 साली कैरोहून ‘सौत अल-अरब’, म्हणजे अरबांचा आवाज, हे प्रसारण सुरू झालं. महिन्याच्या पहिल्या गुरुवारी उम्म कुलसुम या गायिकेची मैफल रेडिओवरून व्हायची. त्या रात्री कैरोपासून बगदादपर्यंत लोक रेडिओला चिकटून बसायचे. पेपरची अरबी ही शाळेत शिकलेली, कुणाच्याच आईच्या तोंडची नव्हे. रेडिओने मात्र कैरोच्या गल्लीतली बोली सगळ्या अरबांच्या माजघरात नेऊन बसवली. पुढे 1996 साली कतारमधून ‘अल जझीरा’ सुरू झालं, तेव्हा एकच बातमी, एकाच शिष्ट भाषेत, सगळ्या अरब देशांत एकाच वेळी पोचू लागली.

“पण काकू,” तो म्हणाला, “याच रेडिओने लोकांना फसवलंही.” जून 1967 च्या युद्धात कैरोचा रेडिओ विजयाच्या बातम्या देत राहिला. शत्रूची इतकी विमानं पाडली, तितकी पाडली. प्रत्यक्षात मिसरचं हवाई दल पहिल्याच दिवशी जमिनीवर उद्ध्वस्त झालं होतं. खरं कळलं तेव्हा लोकांचा विश्वास असा उडाला, की ‘सौत अल-अरब’ला पूर्वीची जागा पुन्हा मिळाली नाही. उम्म कुलसुमचं गाणं लोक ऐकतच राहिले. बातम्यांसाठी मात्र काटा दुसऱ्या स्टेशनकडे फिरवू लागले.

मला दुपारी अक्कांनी सांगितलेली गोष्ट आठवली. जून 1975 मध्ये आणीबाणी लागली, बातम्यांवर सेन्सॉर बसला. तेव्हा ‘नई दुनिया’ने अग्रलेखाची जागा कोरी सोडली. अक्का म्हणाल्या, “मी ह्यांना विचारलं, छापायला विसरले का हो? हे म्हणाले, नाही, आज हाच अग्रलेख आहे.”

एका ठिकाणी रकाना खोट्याने भरला, एका ठिकाणी कोरा ठेवला. भरलेल्यावरचा विश्वास गेला, कोऱ्यावरचा वाढला. पुढे काळ बदलला. 1983 मध्ये ‘दैनिक भास्कर’ इंदुरात आला, चुरस वाढली, आणि 2012 साली ‘नई दुनिया’ची मालकीही जुन्या घराकडून दुसऱ्या समूहाकडे गेली. पण त्या कोऱ्या जागेची आठवण म्हाताऱ्या माणसांनी जपून ठेवली आहे.

नंदाजी, भेराजी आणि धारवाडची सकाळ

तिसऱ्या दिवशी रिक्षातून जाताना नातीने मालवा हाउस दाखवलं. आकाशवाणीचं इंदूर केंद्र इथून 22 मे 1955 रोजी सुरू झालं. या केंद्राने एक गोष्ट फार शहाणपणाची केली. शेतकऱ्यांच्या कार्यक्रमात नंदाजी आणि भेराजी अशी दोन पात्रं आणली, आणि त्यांना माळवीत बोलायला लावलं. बियाणं कुठलं घ्यावं, खत किती घालावं, हे सगळं दोघे गावच्या पारावर बसल्यासारखे बोलायचे. खेड्यापाड्यांत लोक त्यांची वाट पाहायचे. जी बोली शाळेत बोललं तर मास्तर रागवायचे, ती सरकारी रेडिओवर आली! माळवी माणसाची मान तेव्हा किती ताठ झाली असेल. कैरोच्या बोलीला जे मिळालं, ते छोट्या प्रमाणात इथे माळवीला मिळालं.

आमच्याकडे याची वेगळी तऱ्हा होती. धारवाड आकाशवाणी 1950 ची, सांगली 1963 ची. बेळगावच्या घरात काटा थोडा इकडे फिरवला की कन्नड वार्ता, थोडा तिकडे फिरवला की मराठी कीर्तन. माझ्या सासूबाईंना कन्नड फारसं येत नव्हतं, पण धारवाडहून लागणारी वचनं त्या डोळे मिटून ऐकायच्या. मी नवी नवरी होते, घरात माझ्या भाषेचं दुसरं कोणी नव्हतं. सकाळी रेडिओवर ‘नमस्कार, केळुगरे’ ऐकलं की माहेरचं माणूस ओसरीवर येऊन बसल्यासारखं वाटायचं. सासूबाईंनी कधी तो काटा फिरवला नाही. आज वाटतं, माझा कन्नड रकाना त्या घरात टिकला तो त्यांच्यामुळे.

नातीचा प्रश्न

इंदूरच्या मराठी माणसाने काय कमी केलं? अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनं इथे 1917, 1935 आणि 2001 अशी तीनदा भरली. महाराष्ट्र साहित्य सभा आहे. ‘सानंद’ ही संस्था मराठी नाटकं आणते, प्रेक्षक इतके की त्यांचे गट पाडून प्रयोग लावावे लागतात. त्यातल्या एका गटाला नाव कुणाचं? राहुल बारपुते यांचं! हिंदी पेपरचा संपादक मराठी नाटकाच्या प्रेक्षकांत असा नावाने बसला आहे. 1935 साली तर एकाच वर्षात याच गावात हिंदी साहित्य संमेलन झालं, अध्यक्ष महात्मा गांधी, आणि मराठी संमेलनही झालं, अध्यक्ष औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी.

गांधीजी त्याआधी 1918 सालीही इथल्या हिंदी संमेलनाचे अध्यक्ष होते. दक्षिणेत हिंदी शिकवायचं काम त्याच वर्षी सुरू झालं, आणि त्यातूनच दक्षिण भारत हिंदी प्रचार सभा उभी राहिली. धारवाडला मी प्राथमिक, मध्यमा, राष्ट्रभाषा अशा परीक्षा दिल्या, त्या ह्या सभेच्या. म्हणजे इंदूरचं एक बी आमच्या अंगणात केव्हाच उगवलं होतं. म्हणून तर आज मला त्या पोह्यांच्या दुकानातला पेपर वाचता येत होता.

मग अडलंय कुठे? निघायच्या आदल्या रात्री नातीला विचारलं, “तू मराठी वाचतेस का गं?” ती म्हणाली, “वाचता तर येतं नं आजी, अक्षरं तीच आहेत. पण वाचत नाही. समोर हिंदी असतं, तेच वाचलं जातं.”

हे ऐकून मी गप्प झाले. आमच्याकडे कन्नडची लिपी वेगळी, मराठीची वेगळी. एक भाषा सुटली तर अक्षरंच परकी होतात आणि घरात लगेच कळतं. आमचा नातू इंग्रजी शाळेत जातो, त्याला कन्नड पाटी वाचता येईना तेव्हा मी दचकले होते. इंदुरात लिपी एकच. दार सताड उघडं आहे, आणि म्हणूनच त्यातून कोण कधी बाहेर गेलं ते कुणाच्या लक्षात येत नाही. रोज सकाळी दारात पडतो तो कागद ज्या भाषेत, त्या भाषेत माणूस विचार करू लागतो. नाटक महिन्यातून एकदा, संमेलन कित्येक वर्षांतून एकदा. पेपर मात्र रोज.

निघायच्या सकाळी लवकर उठले. कचरागाडीचं गाणं येऊन गेलं, पेपर पडला. नात चहाचा कप घेऊन अक्कांच्या पलंगावर बसली आणि वाचू लागली. मी दारातून ऐकत होते. डोळे हिंदी ओळीवर, आणि तोंडातून येत होती मराठी. “आजी, आज नर्मदेच्या लाइनीचं काम आहे, म्हणून संध्याकाळी पाणी नाही येऊन राहिलं. आणि भाव वाढले लसणाचे.” मध्येच अडली की हिंदी शब्द तसाच सांगायची, अक्का त्याला मराठी शब्द द्यायच्या, ती तो उच्चारून पुढे जायची. अक्कांना हिंदी समजत नाही असं थोडंच आहे! साठ वर्षं वाचली त्यांनी. तरी रोज त्या म्हणतात, मराठीत सांग. का, ते मला त्या दिवशी उमगलं. आपली दृष्टी गेली तर गेली, नातीची भाषा जाऊ नये, एवढ्यासाठी त्यांनी हा उद्योग लावून घेतला होता.

छापलेल्या पेपरात रकाना एकच होता, हिंदीचा. दुसरा त्या पलंगावर रोज नव्याने तयार होत होता.

पाया पडले तेव्हा अक्कांनी चेहऱ्यावरून हात फिरवला. म्हणाल्या, “पोचल्यावर पत्र लिही. मराठीत लिही. ही वाचेल.”

“लिहितो की,” मी म्हटलं. नात पुन्हा हसली.

आता आमच्या घरी दोन पेपर येतात, एक मराठी आणि एक कन्नड. रविवारी सकाळी नातू मला कन्नड पेपरचा एक मथळा वाचून दाखवतो आणि आजोबांना त्याचं मराठी करून सांगतो. पहिल्या रविवारी एका मथळ्याला दहा मिनिटं लागली. परवा तीन मथळे झाले. तिसऱ्यात त्याने एक अक्षर चुकवलं आणि मंत्र्यांचं भलतंच काही झालं! आम्ही दोघं हसलो, तोही हसला. अक्कांना पत्रात ते लिहिलं आहे. नात वाचून दाखवील.